बाबांना ऐतिहासिक, आईला गुन्हेकथा: दोघांनी एकत्र बघण्यासारखं काही सुचवा

निंबोणी (धागाकर्ती)

नमस्कार. पुढच्या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर दीडेक महिना ते घराबाहेर पडणार नाहीत, आणि त्यांच्यामुळे आईही. मी कोथरूडलाच जवळ राहते, पण ऑफिस बाणेरला, म्हणजे दुपार आणि संध्याकाळ ती दोघंच घरी. बाबांचा पलंग हॉलमध्ये टीव्हीसमोर हलवलाय.

पेच असा की दोघांची आवड अजिबात जुळत नाही. बाबांना ऐतिहासिकच लागतं. भारत इतिहास संशोधक मंडळातली व्याख्यानं, सुट्टीत गडकिल्ले, घरात पेशवाईवरच्या पुस्तकांचं अख्खं कपाट, असा माणूस. पण अलीकडचा कुठलाही ऐतिहासिक सिनेमा लावला की अर्ध्या तासात "बंद कर ते" म्हणतात. त्यांचं म्हणणं, यात कुणी साधं बोलतच नाही, सगळे नुसते गरजतात. आई पक्की गुन्हेकथावाली. 'सीआयडी' सुरू झाली तेव्हापासून बघितली, 'क्राइम पेट्रोल' न चुकता. तिचा सुरुवातीपासून ज्याच्यावर संशय असतो तोच बहुतेक वेळा शेवटी सापडतो. बाबांना खूनबिन बघवत नाही असं ते म्हणतात आणि आतल्या खोलीत जाऊन वाचत बसतात. आता तसं उठून जाता येणार नाही.

वाक्यागणिक शिव्या आणि बेडरूममधले सीन असलेलं नको, दोघंही अवघडतात. मराठी-हिंदी उत्तम. इंग्रजी किंवा इतर भाषाही चालतील, बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं त्यामुळे सबटायटल्स तशीही लागतातच. एका बैठकीला दोन तासांच्या वर नको, मध्ये फिजिओथेरपीचे व्यायाम असतील.

दोघांनाही मनापासून आवडेल असं खरंच काही असतं का? की एक दिवस तुमचं, एक दिवस माझं एवढंच हातात आहे?

पर्वतीपायथा

'ब्योमकेश बक्शी'. दूरदर्शनवरचा, १९९३ चा, बासू चटर्जींचा. डोळे मिटून लावा. रजित कपूरचा ब्योमकेश, के. के. रैनाचा अजित. धोतरातली माणसं, ट्राम, चाळीसारख्या मेसमध्ये राहणारे तरुण, म्हणजे बाबांना जुना काळ मिळतो. प्रत्येक गोष्टीत कोडं, म्हणजे आई खूश. रक्त जवळपास दिसतच नाही. पहिली गोष्ट बघून दोघांनी ठरवावं.

मुठाकाठ

निंबोणी, तुमच्या बाबांच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. आणि मला वाटतं, आईची आवड त्यांच्यापासून तुम्हाला वाटते तेवढी लांब नाही. नक्की काय घडलं, कुणी पाहिलं, कागद काय सांगतो, आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला जाब कोण विचारतो, हे इतिहासातही असतं आणि गुन्हेकथेतही. मंडळात कागद तपासत बसणारे लोक आणि ठाण्यात जबाब तपासणारे लोक यांचं काम फार वेगळं नाही. मी ऐतिहासिक सिनेमा जोखताना लढाया बघतच नाही, दोन लढायांच्या मधली पंधरा मिनिटं बघतो. तिथे माणसं काय ठरवतात, कशाला घाबरतात, पैसे कुठून आणतात? तेवढं जमलेलं असलं की लढाई आपोआप अंगावर येते.

म्हणून माझी पहिली शिफारस 'रामशास्त्री'. प्रभातचा, १९४४ चा. बाबांनी लहानपणी पाहिला असेल, तरी आईबरोबर पुन्हा बघू द्या. विषय आपल्याच गावातला. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाड्यात गारदी घुसतात आणि अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून होतो. संशय कुणावर, तर सख्ख्या काकांवर, आणि काका आता स्वतःच पेशवे व्हायला निघालेले. चौकशी करणारा एकटा न्यायाधीश, ज्याची नोकरी त्या काकांच्याच मर्जीवर. आईने आजवर पाहिलेल्या मालिकांमधलं सगळं इथे आहे: पैसे घेऊन आलेले मारेकरी, बदललेला कागद, तोंड न उघडणारे साक्षीदार, आणि आरोपीचं घर म्हणजेच सरकार. रामशास्त्री राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावतात, हे आपण शाळेत एका वाक्यात शिकलो. पण तो निकाल देताना समोर कोण बसलंय आणि दाराशी कुणाचे शिपाई उभे आहेत, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. गजानन जागीरदारांनी ही भूमिका केली आणि दिग्दर्शनातही ते होते. त्यांच्या रामशास्त्र्यांचा दरारा उभं राहण्यात आहे, आवाजात नाही. बाबांना हेच हवंय.

आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला याला पुरावा नाही, हे बाबा सांगतीलच. सांगू द्या. आईने उलट विचारावं, मग हुकूम नेमका कुणाचा होता? संध्याकाळ तिथेच जाईल.

याच जागीरदारांनी पुढे दूरदर्शनसाठी 'स्वामी' मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. ती बाबांच्या वयाच्या माणसांना पाठ आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

अलीकडचं एकच सुचवतो, 'फत्तेशिकस्त' (२०१९). यातही काही ठिकाणी आवाज चढतो, ते बाबांना आधी सांगून ठेवा. पण विषय लाल महालावरच्या छाप्याचा आहे, एप्रिल १६६३ चा. शत्रू आपल्याच घरात मुक्काम ठोकून बसलाय, भोवती मोठी फौज, आणि मोजकी माणसं घेऊन रात्री आत शिरून बाहेरही पडायचंय. कुठल्या दाराने आत जायचं, खबर कुणी आणायची, पहारा कधी ढिला पडतो, परतताना पाठलाग कसा चुकवायचा. आखणीचा आनंद ज्यांना कळतो त्यांनी हा बघावा, आणि आईला तो नक्की कळतो. शिवाय यातला शाहिस्तेखान आहे अनुप सोनी. 'क्राइम पेट्रोल'मधून रोज रात्री सावध राहायला सांगणारा माणूस इथे स्वतः गाफील सापडतो. आई पहिल्याच दृश्यात ओळखेल.

काय लावू नये तेही सांगतो. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मध्ये कापड, दिवे, रंग बघत राहावेत असे आहेत. पण पालखेडची मोहीम, म्हणजे बाजीरावांचं खरं डोकं, त्यात दिसतच नाही. निजामाला फारशी लढाई न करता नुसतं फिरवून, रसद तोडून १७२८ मध्ये तहाला आणलं. यापेक्षा थरारक काय असतं? ते सोडून काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात. 'तान्हाजी' (२०२०) बद्दलही माझं हेच दुखणं आहे. ज्यांनी सिंहगडावर तानाजी कड्याच्या टोकाला उभं राहून खाली पाहिलंय, त्यांना अंधारात हा कडा चढणं म्हणजे काय हे कुणी संगणकावर रंगवून दाखवायची गरज नाही. दगड, दोर, माघातली थंडी आणि वर पहारा. एवढंच नीट दाखवलं असतं तर सबंध थिएटरने श्वास रोखला असता.

रास्तापेठ

मुठाकाठ, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एका बाबतीत विरोध नोंदवतो. गर्जना नको, गर्जना नको हे आता सगळेच म्हणतात. आपल्याकडे इतिहास लोकांपर्यंत कसा पोचला? पोवाड्यातून. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या पोवाड्यांपैकी. डफ, तुणतुणं, झीलकरी आणि मोकळ्या मैदानात हजार माणसं. तो हळू आवाजात गायची गोष्टच नाही. आपला ऐतिहासिक सिनेमा त्या घराण्यातला आहे, इंग्लंडच्या दरबारी नाटकांच्या घराण्यातला नाही. त्याला त्याच्याच मापाने मोजा.

मी शाळेत शिकवतो. 'पावनखिंड' (२०२२) आला तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांना बाजीप्रभू माहीत होते, पण शिवा काशीद हे नाव बहुतेकांना नव्हतं. महाराजांचा वेश घालून दुसऱ्या पालखीत बसलेला माणूस, पकडलं गेल्यावर काय होणार हे माहीत असूनही बसलेला. बांदलांची माणसं कोण होती, तेही माहीत नव्हतं. सिनेमा बघून आलेल्या मुलांनी मला वर्गात पुढचे प्रश्न विचारले: पन्हाळ्याहून विशाळगड किती लांब? पाऊस होता का? अनवाणी होते का? जुलै १६६० ची ती रात्र त्यांच्या अंगात शिरली होती. पुस्तक वाचून हे प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. त्यामुळे या सिनेमांना मी कमी लेखू शकत नाही.

निंबोणीताई, तुमच्या बाबांना नसेल आवडत तर जबरदस्ती नको. पण सुट्टीत नातवंडं येणार असतील तर त्या दिवशी 'पावनखिंड' लावा, आणि बाबांना मुलांच्या प्रश्नांची उत्तरं देऊ द्या.

मुठाकाठ

रास्तापेठ, पोवाड्याचा मुद्दा मान्य, आणि महत्त्वाचा आहे. पण शाहीर सगळा वेळ वरच्या पट्टीत नसतो ना. तो थांबतो, गद्यात येतो, कोण कुठून आलं, अंगावर काय होतं, बरोबर किती माणसं होती ते सांगतो, मग पुन्हा चढतो. माझी मागणी त्या थांबण्याची आहे. मुलांचे प्रश्न मात्र लाख मोलाचे. आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

चिंचवडगाव

अजून कुणी '२२ जून १८९७' कसा सुचवला नाही? जयू आणि नचिकेत पटवर्धन या वास्तुरचनाकार जोडप्याने केलेला, १९७९ चा मराठी सिनेमा. ऐतिहासिकही आहे आणि गुन्ह्याचा तपासही, तोसुद्धा पुण्याच्या रस्त्यांवरचा.

प्लेगची साथ, रँडची प्लेग कमिटी, घरात घुसून तपासणारे गोरे सोल्जर. मग राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतणाऱ्या बग्ग्या, आणि "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक. रँड आणि आयर्स्ट दोघांनाही गोळ्या लागल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड जुलैच्या सुरुवातीला ससूनमध्ये. आपण बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतो. खरी गोष्ट यानंतर सुरू होते: बक्षिसाची लालूच, फितुरी, फितुरांचा खून, आणि दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघं चापेकर भाऊ एकामागून एक येरवड्यात फासावर. एकाच घरातले. हे कुठल्याही सूडकथेपेक्षा भयंकर आहे आणि सगळं कागदोपत्री नोंदलेलं आहे.

सिनेमा शांत आहे. भाऊ आपसात बोलतात ते घरात बोलतात तसं. गणेशखिंड रस्त्यावरून तुम्ही रोज बाणेरला जात असाल. मेट्रोच्या खांबांमधून तो रस्ता आता ओळखू येत नाही, पण सिनेमा बघितल्यावर तिथून जाताना लक्ष जाईल.

आमच्या भागात चापेकर चौक आहे, समूहशिल्प आहे, रोज हजारो गाड्या त्याला वळसा घालतात. त्यातल्या किती जणांना वासुदेवाचं वय माहीत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

कोथरूडडेपो

'कोहरा'चा पहिला सीझन. सहा भाग, पंजाब, लग्नाच्या तोंडावर परदेशातून आलेला नवरामुलगा शेतात मेलेला सापडतो. सुविंदर विकी आणि बरुण सोबती. तपासापेक्षा घरं जास्त दिसतात, आणि म्हणूनच तो मोठा आहे. पण शिव्या आहेत, सीनही आहेत, तुमच्या अटीत बसत नाही. तुम्ही स्वतः बघा.

निंबोणी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. 'रामशास्त्री' आणि '२२ जून १८९७' ही नावं ऐकूनच बाबा उठून बसले. दोन प्रश्न. आईने 'मानवत मर्डर्स'चं नाव कुठेतरी वाचलंय आणि तिला ते बघायचंय. दोघांनी एकत्र बघावं का? आणि बाबांचा मित्र म्हणतो, परदेशी ऐतिहासिक बघा, आपल्याकडचं सोडा. त्यात नेमकं काय?

डेक्कनकॉर्नर

'मानवत मर्डर्स'बद्दल मी लिहिते, कारण ते मी आईबरोबर बघायला बसले होते.

मालिका चांगली आहे. २०२४ ची, आठ भाग, दिग्दर्शक आशिष बेंडे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या खुनांवर आहे, आणि तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा आधार तिला आहे. कुलकर्णींची भूमिका आशुतोष गोवारीकरांनी केलीय. 'पानिपत' करणारा दिग्दर्शक इथे एका खुर्चीत बसून समोरच्याला फक्त बोलू देतो, आणि मला तो 'पानिपत'मधल्या सगळ्या तोफांपेक्षा परिणामकारक वाटला. मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, सगळ्यांची कामं नेमकी. गावातली भीती, पैशाचा आणि अघोरी श्रद्धांचा गुंता नीट उलगडलाय.

पण बळी बायका आणि लहान मुली आहेत. आणि आपल्या आईवडिलांची पिढी पुण्यातली असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खूनसत्र त्यांनी इथे राहून सोसलंय. माझी आई तेव्हा एरंडवण्यात नव्याने लग्न होऊन आली होती. दिवेलागणीनंतर बेल वाजली की कुणी दार उघडायचं नाही, आधी खिडकीतून आवाज ओळखायचा. सिनेमाचे रात्रीचे खेळ, मैत्रिणींकडे जाणं, सगळं थांबलेलं. ते खून करणाऱ्या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, पण आईची दाराला आतून साखळी लावायची सवय आजही आहे. मालिकेचा पहिला भाग बघताना ती मध्येच उठली आणि मागचं दार लावलंय का ते बघून आली. नंतर म्हणाली, तू बघ, मला नको.

म्हणून आधी विचारा. त्या पिढीला काल्पनिक खून चालतो, सीआयडीतला चालतो, कारण तासाभरात तो सुटतो. खरा खून त्यांच्यासाठी वेगळा असतो. याच कारणासाठी मला खऱ्या घटनांवरच्या मालिकांबद्दल ठाम वाटतं की त्यांनी मेलेल्यांकडे बघावं, मारणाऱ्यांना नायक करू नये. 'दिल्ली क्राइम'चा पहिला सीझन (२०१९) मला म्हणूनच मोलाचा वाटतो. डिसेंबर २०१२ चं प्रकरण, पण अत्याचार पडद्यावर दाखवलेला नाही. दिसते ती शेफाली शाहची पोलीस उपायुक्त, न झोपलेली, आणि तिचे कर्मचारी, ज्यांना आरोपीच्या मागे जायला गाडीसुद्धा धड मिळत नाही. त्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळाला तेव्हा मनापासून आनंद झाला. तरी ऑपरेशननंतरच्या दिवसांत तो नको. फार जड आहे.

दोघांना मिळून हवं असेल तर 'ब्रॉडचर्च'चा पहिला सीझन. इंग्लंडमधलं समुद्रकाठचं छोटं गाव, अकरा वर्षांचा मुलगा किनाऱ्यावर मेलेला सापडतो. आठ भाग. डेव्हिड टेनंट आणि ऑलिव्हिया कोलमन. रक्तपात नाही, आरडाओरडा नाही. पहिल्या भागात मुलाचे वडील गावातून चालत जातात आणि वाटेत प्रत्येकाशी दोन शब्द बोलतात. प्लंबर, दुकानदार, हॉटेलवाली, सगळे ओळखीचे. आईला सांगा, या चालण्याकडे नीट लक्ष दे, पुढे यातल्या प्रत्येकावर संशय घ्यावा लागणार आहे. मूल गेल्याचं दुःख मात्र खरंखुरं दाखवलंय, ते झेपेल का तेवढं बघा.

लॉकॉलेजरोड

परदेशी ऐतिहासिकबद्दल. आपल्याकडचं सोडा हे काही मला पटत नाही, पण बघायला हवेत असे दोन-चार आहेत, आणि निंबोणी, त्यातला एक तर तुमच्या घरासाठीच केल्यासारखा आहे.

कुरोसावाचा 'कागेमुशा' (१९८०). सोळाव्या शतकातलं जपान. एक भुरटा चोर, ज्याला मृत्युदंड होणार असतो, त्याचा चेहरा सरदार ताकेदा शिंगेनशी तंतोतंत जुळतो. सरदार मरतो आणि ही बातमी शत्रूला कळू नये म्हणून चोराला त्याच्या जागी बसवतात. म्हणजे आईसाठी तोतयाची गोष्ट, पकडला जाईल की नाही ही धाकधूक. घोड्याला फसवता येत नाही, नातवाला फसवता येत नाही, आणि बाबांना तर सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवणारच. वर रास्तापेठ यांनी शिवा काशीद यांचा उल्लेख केलाय. हा सिनेमा बघताना मला सतत तेच आठवत होते.

शेवटची लढाई नागाशिनोची, १५७५ ची. बंदुकांसमोर ताकेदांचं घोडदळ धावत जातं. कुरोसावा काय दाखवतो? घोडे जाताना दिसतात, बंदुकांच्या फैरी झडताना दिसतात, आणि टेकडीवर बसलेल्या सरदारांचे चेहरे. गोळी लागून पडणारं कुणी दिसत नाही. फैरींचा आवाज थांबतो, मग मैदान दिसतं, आणि उठायचा प्रयत्न करणारे घोडे. बराच वेळ. एक कुळ संपलं हे कुणी सांगत नाही. मला पानिपतावर सिनेमा हवा तो असा. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी भाऊंच्या तंबूतून काय दिसत होतं, एवढंच.

लांबी जवळपास तीन तासांची आहे, दोन बैठकांत बघा. चोर सरदाराच्या आसनावर सराईतपणे बसायला लागतो तिथे थांबायला हरकत नाही.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मात्र घरच्या टीव्हीवर बघू नका असं मी सांगेन. साडेतीन तासांहून मोठा आहे हे एक, आणि उमर शरीफ वाळवंटातून येतो तेव्हा क्षितिजावर आधी एक थरथरणारा काळा ठिपका असतो. तो ठिपका मोठ्या पडद्यावर दिसतो, हॉलमधल्या टीव्हीवर हरवतो. बाबा चालायला लागले की फिल्म अर्काइव्हचे खेळ आणि जानेवारीतला पिफ (पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) यावर लक्ष ठेवा. प्रभातचा स्टुडिओ जिथे होता तिथेच आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, अर्काइव्ह त्याच रस्त्यावर. 'रामशास्त्री' तिथेच उभा राहिला. पुणेकराने तिथे बसून मोठा सिनेमा बघावा, असं मला फार वाटतं.

आणि 'वुल्फ हॉल' (२०१५). बीबीसीची मालिका, सहा भाग, प्रत्येकी तासाभराचे. आठव्या हेन्रीचा दरबार, मध्यभागी थॉमस क्रॉमवेल, लोहाराचा पोरगा, जो हिशोब आणि कायदा यांच्या जोरावर राजाचा उजवा हात होतो. नाना फडणवीस ज्यांना समजतात त्यांना हा माणूस लगेच समजेल. मेणबत्तीच्या उजेडात चित्रण केलंय. लढाई एकही नाही. शेवटच्या भागांत राणी ॲन बोलिनवर खटला उभा करायचा असतो, आणि क्रॉमवेल एकेकाला बोलावून चौकशी करतो. आवाज न चढवता, समोर कागद ठेवून. आई पोलिसी चौकशा इतकी वर्षं बघत आली आहे, तिला कळेल की इथे पुरावा शोधला जात नाहीये, तयार केला जातोय. बाबांनी बखरी आणि अस्सल पत्रं यातला फरक आयुष्यभर तपासलाय, त्यांनाही ते कळेल. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर हे.

पर्वतीपायथा

'वुल्फ हॉल'ला मोठं अनुमोदन. नावं फार आहेत आणि निम्मे लोक थॉमस. माझ्या सासऱ्यांसाठी मी एका कागदावर राजा, दोन राण्या, कार्डिनल वूल्झी, थॉमस मोर, क्रॉमवेल आणि नॉरफोकचा ड्यूक एवढी नावं नात्यासकट मोठ्या अक्षरात लिहून दिली होती. पहिल्या भागानंतर कागद लागला नाही.

रास्तापेठ

'कागेमुशा' मी पाहिलेला नाही, या रविवारी बघतो. शिवा काशीद यांच्यावर स्वतंत्र सिनेमा व्हायला हवा हे मात्र आजच ठामपणे लिहून ठेवतो. तो रात्रीचा प्रवास पालखीच्या आतून दाखवा.

वानवडीकर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीच्या दिवसांत दुखण्याच्या गोळ्यांमुळे झोप येते, लक्ष टिकत नाही. तेव्हा 'ब्योमकेश'सारखे छोटे भाग लावा, मध्येच डोळा लागला तरी बिघडत नाही. 'वुल्फ हॉल', 'कागेमुशा' दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर. एका जागी दोन तास बसणं मात्र शक्यतो नकोच. पाऊण तास झाला की थांबवा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं घोटा वर-खाली करणं, थोडं चालणं, मग पुढे. गुडघ्याखाली कायमची उशी ठेवून टीव्ही बघायची सवय लागू देऊ नका, पाय पूर्ण सरळ व्हायला वेळ लागतो.

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करायचा पर्याय बहुतेक सेटमध्ये असतो, तो चालू करा. नाहीतर बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा आणि तोफा सुरू झाल्या की दचकायचं, असं होतं. सबटायटल्सची अक्षरं मोठी करून पिवळी ठेवा, पांढरी अक्षरं उजळ दृश्यात वाचता येत नाहीत. जुन्या मराठी सिनेमांना बहुधा सबटायटल्स नसतात आणि त्यांचा आवाजही घासलेला असतो. 'रामशास्त्री' लावाल तेव्हा आईंना बाबांच्या उजव्या बाजूला बसवा.